मंगलाबाईंची वेगळी प्लेट

छत्रीबागेतल्या मंगलाबाई जगदाळे यांना बाहेरचं खाणं आवडत नाही, ही गोष्ट त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. कोणी ती कधी पडताळून पाहिली नव्हती. खुद्द मंगलाबाईंनीही नाही.

आणि तरी गेली दोनेक वर्षं दर रविवारी दुपारी त्या परदेशी जेवत होत्या. परदेशी म्हणजे शहराच्या नव्या भागात, विजयनगरला. तिकडे जपानी, कोरियन, थाई, इटालियन अशी हॉटेलं एकापाठोपाठ एक निघाली, आणि नात आर्याने मोबाइलवर बघून बघून हट्ट धरला की आपण सगळीकडे जायचंच. मुलगा विक्रम आयटीत, सून शिखा कॉलेजात शिकवणारी. रविवारी दोघांनाही घरी स्वयंपाक नकोच होता. ठरलं.

मंगलाबाईंचे यजमान कृष्णराव या उद्योगाला 'मोहीम' म्हणत. त्यांचे कोणी पूर्वज होळकरांच्या पागेत होते, आणि त्या घोड्यावरून कृष्णराव अजून खाली उतरलेले नाहीत. स्वतः त्यांनी जन्मभर वीज मंडळात लोकांच्या बिलांच्या तक्रारी ऐकल्या. त्यामुळे अंगातलं सगळं शौर्य शिल्लक राहिलं होतं, ते आता मेन्यूकार्डावर खर्च होई. ज्या पदार्थाचं नाव उच्चारता येत नाही तो आधी मागवायचा, हा त्यांचा बाणा. पहिला घास घेतल्यावर चेहरा पडायचा. मग वेटरला हळूच विचारायचे, "भिया, थोडी सेव मिलेगी क्या?" सेव मिळायची नाही. मग ती प्लेट सरकत सरकत मंगलाबाईंपुढे यायची.

कारण मंगलाबाईंची स्वतःची प्लेट कधी नसेच. ऑर्डर घ्यायला वेटर आला की त्यांचं वाक्य ठरलेलं, "माझ्यासाठी वेगळं नको. मी तुमच्यातलंच घेईन." यात त्याग वगैरे काही नव्हता, उगाच त्यांना देव्हाऱ्यात बसवायला नको. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात सगळ्यांच्या मागून जेवत आल्या होत्या. पातेल्यात जे उरेल ते आपलं, अन्न वाया घालवायचं नाही, एवढंच त्यांना माहीत. तीच सवय त्या पदरासारखी सावरत विजयनगरपर्यंत घेऊन आल्या होत्या.

आता जरा विचार करा. चांगला झालेला पदार्थ उरतो कुठे? आर्याला आवडलेल्या नूडल्सचा रस्सासुद्धा ती वाडग्याला तोंड लावून संपवायची. उरायचं ते फसलेलं. पिझ्झावरची वेचून काढलेली काळी ऑलिव्ह. गार टोमॅटोचं सूप. कोणीतरी एकच घास घेऊन बाजूला ठेवलेलं आंबट काहीतरी. जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांतलं नाकारलेलं अन्न मंगलाबाईंच्या वाट्याला आलं होतं, आणि त्या ते इमानेइतबारे संपवत होत्या. थाई हॉटेलात तर बाकीच्यांनी रस्सा ओरपून वाडग्यात गवताची जाड देठं आणि आल्यासारख्या कसल्याशा मुळीच्या चकत्या तेवढ्या सोडल्या होत्या. मंगलाबाईंनी त्या बराच वेळ चावून पाहिल्या. घरी आल्यावर शेजारच्या पूर्णिमाबाईंना म्हणाल्या, "काय सांगू, त्या लोकांकडे लाकडंच खातात. दात चांगले असणार त्यांचे."

पण रविवार त्यांना फार आवडायचा. महेश्वरी साडी नेसायची, गाडीत मागे आर्याला खेटून बसायचं, थंडगार हॉटेलात मोठ्या काचेपाशी बसून रस्त्यावरची वर्दळ बघायची. जेवण झालं की उठायचं. भांड्यांचा ढीग दुसऱ्या कोणाचा तरी. शिखा कॉलेजातल्या गमती सांगायची, विक्रम मोबाइल खिशात ठेवायचा. घरी असे सगळे एका टेबलाभोवती कुठे बसतात? त्यासाठी लाकडं चावायला त्यांची काही हरकत नव्हती.

आणि नेमका तोच रविवार हातचा गेला. कोरियन हॉटेलातून परत येताना विक्रमने आरशातून आईकडे पाहिलं. कोबीच्या त्या आंबट-तिखट लोणच्याने तिचं तोंड अजून वाकडंच होतं.

"आई, सही में सांगतो, तुझ्यावर जबरदस्ती नाही करायची आता. तुला हे काही आवडत नाही ना? पुढच्या संडेपासून तू घरी मस्त आराम कर. हम लोग खाऊन लवकर येऊ."

मुलगा मायेनेच बोलला होता. "बरं," मंगलाबाई म्हणाल्या, आणि कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढच्या रविवारी गाडी गल्लीतून बाहेर पडली. मंगलाबाईंनी स्वतःपुरता भात टाकला, सकाळचं वरण गरम केलं आणि ताट घेऊन टीव्हीपुढे बसल्या. डोळे भरून आले, आणि या वयात जेवायला नेलं नाही म्हणून रडतो आहोत याचा स्वतःचाच राग आला. निम्मा भात तसाच झाकून ठेवला.

दुपारी मंडळी परतली. शिखाने हातात एक डबा ठेवला. "आई, थाईवाल्याकडे गेलो होतो. आदत से मजबूर, नेहमीएवढंच मागवलं. हा एक बाऊल तसाच राहिला, कोणी हात पण नाही लावला. तुम्हाला आवडणार नाही माहीत आहे, पण फेकवेना."

सगळे आपापल्या खोल्यांत आडवे झाले. मंगलाबाईंनी स्वयंपाकघरात डबा उघडला, रस्सा कढईत ओतला आणि मंद गॅसवर ठेवला. नारळाच्या दुधाचा, कुठल्याशा हिरव्या पाल्याचा वास घरभर पसरायला लागला. झाकलेला भात काढून त्यावर त्यांनी तो ओतला आणि पहिला घास घेतला.

मग दुसरा. मग ओट्याशी उभं राहून खाणं सोडून त्या स्टूल ओढून बसल्या. गोडसर, तिखट, जिभेवर रेंगाळणारं. तळाशी तीच देठं निघाली, त्याच चकत्या. मंगलाबाईंनी बोटाने त्या ताटाच्या कडेला सारल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. म्हणजे ही लाकडं खायची नसतातच! कढीपत्त्यासारखी फक्त वासापुरती असतात. आपण हा पदार्थ खाल्लाच नव्हता. आणि हा एकच कशाला, कुठलाच नव्हता खाल्ला.

हसू आलं आधी. मग हसू मावळलं. विक्रमचं काय चुकलं? 'मला नको' आणि 'माझ्यासाठी वेगळं नको' यातला फरक आपण तरी कधी कोणाला सांगितला? पण आता सांगायला हवं होतं, नाहीतर सगळे रविवार असेच टीव्हीपुढे जाणार होते.

आठवडाभर त्यांनी सांगायचं म्हटलं आणि दरवेळी पोळ्या लाटायला घेतल्या. रविवारी मंडळी बूट घालत होती तेव्हा मंगलाबाई महेश्वरी नेसून बाहेरच्या खोलीत आल्या.

"आई, तू कुठे चाललीस?" विक्रम म्हणाला.

"तुमच्याबरोबर. आणि माझी प्लेट वेगळी मागवायची. पूरी की पूरी." आवाज जरा चढलाच.

"अरे वा आजी!" आर्याने दारच उघडलं.

हॉटेल जपानी होतं. कृष्णरावांनी बाण्याप्रमाणे सर्वांत अवघड नावावर बोट ठेवलं. मंगलाबाईंनी मात्र वेटरला जवळ बोलावलं. "बेटा, तुमच्याकडे लोग कौनसी चीज पूरी खा के जाते हैं? जिसमें कुछ नहीं बचता, वो मेरे लिए लाओ."

वेटर हसला आणि एक मोठं ताट घेऊन आला. चिकनचा कुरकुरीत तळलेला तुकडा, दाट तपकिरी रस्सा, वाफाळता भात. मंगलाबाई कोणासाठी थांबल्या नाहीत. सगळ्यांच्या आधी त्यांचा घास तोंडात होता. आर्याचा चमचा इकडे वळला तेव्हा त्यांनी तिला एक कोपरा काढून दिला, बाकी ताट दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतलं.

कृष्णरावांपुढे समुद्रातल्या शेवाळाचं गार सॅलड आलं होतं. एक घास घेऊन त्यांनी नेहमीप्रमाणे प्लेट बायकोकडे सरकवली. मंगलाबाईंनी ती परत सरकवली.

"अहो, माझं पोट भरतंय. तुमचं तुम्ही संपवा."

कृष्णरावांनी विक्रमकडे पाहिलं. विक्रमने आपली उरलेली मुळ्याची फोड मुकाट्याने तोंडात टाकली. मदत कुठूनच येणार नव्हती. पागेचे वंशज शेवाळ खायला बसले. चौथ्या घासाला त्यांनी चमचा खाली ठेवला.

"अगं, हे असलं खायचीस तू? दर रविवारी?"

"हो."

"सगळं?"

"उरेल ते सगळं."

विक्रमला ऑलिव्ह आठवली असतील, गार सूप आठवलं असेल, आरशात दिसलेलं आईचं वाकडं तोंडही आठवलं असेल. त्याचे कान लाल झाले. "आई, तू कधी बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस, आई, तुझ्यासाठी काय मागवू?" मंगलाबाई रागावल्या नव्हत्या. तोंडात घास होता आणि तो फार चांगला होता. "मलाही कुठे सुचलं होतं म्हणा, की असं विचारायचं असतं."

त्यांचं ताट लख्ख झालं. वेटर प्लेटा उचलायला आला आणि गोडाचं मेन्यूकार्ड सवयीने विक्रमपुढे ठेवून गेला. विक्रमने ते उघडलंही नाही. तसंच उचलून आईपुढे ठेवलं.

"आई, तुझ्यासाठी काय मागवू?"

मंगलाबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. घाई त्यांनी अजिबात केली नाही. आणि त्यांचं वाचून होईपर्यंत बाकी कोणीच काही मागवलं नाही.