कूलर बंद केला तेव्हा
कूलरला नवा वाळा बसवून पाणी सोडलं, की त्या ओल्या वासासरशी मला आमच्या कॉलेजचा हॉल आठवतो. सत्तरच्या दशकातला एप्रिल होता आणि एक अमेरिकन कवयित्री कविता वाचायला आली होती. मी सर्वांत तरुण प्राध्यापिका, म्हणून तिची ओळख मी करून दिली: साबणाच्या कारखान्यात ती टायपिस्ट होती, जेवणाच्या सुट्टीत कविता लिहायची आणि तिचं पहिलं पुस्तक चाळिशीत निघालं. तिचा आवाज इतका हळू होता, की कूलरच्या घरघरीत पहिली कविता बुडालीच. मागचे विद्यार्थी चुळबुळू लागले, तशी मी शिपायाला खूण केली. "मॅडम, कूलर बंद केला तं लोकं पळतीन ना!" तो कुजबुजला. प्राचार्य म्हणाले, "हॉल रिकामा झाला तर उत्तर तुम्ही द्यायचं." "देईन," म्हणत मी स्वतःच बटण दाबलं. तिनं थबकून माझ्याकडे पाहिलं आणि तीच कविता पुन्हा पहिल्यापासून वाचली. तासभर सगळे घामानं निथळत होते, पण एकही खुर्ची वाजली नाही. बाळांनो, आता तिची कविता तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे म्हणता. ती वाचायला बसाल तेव्हा आधी तुमचा एसी बंद करा.