कोहेन हायमनचा हात

"पाणी माझं नाही, मी नुसता पाइप आहे," हायमन कॅट्झ नेहमी म्हणायचा. कार्डिफमधला हा प्लंबर. नळ दुरुस्त करून निघताना कोणी आभार मानले तरी हेच म्हणे, आणि सिनॅगॉगमध्ये, आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघरात, त्याने आशीर्वाद दिल्यावर कोणी गहिवरून जवळ आलं तरी हेच.

हायमन कोहेन होता. म्हणजे मोशेचा भाऊ अहरोन, त्याच्या वंशातला पुरोहित. यरुशलेमचं मंदिर कधीच पडलं, होमबळी थांबले, वंश मात्र चालत राहिला. बापाकडून मुलाकडे येताना मोठं असं एकच काम उरलं: सणाला उभं राहून लोकांना आशीर्वाद द्यायचा. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, शिकून होता येतं, कोहेन जन्मावाच लागतो. दक्षिणा नाही, मानपान नाही. सण सरला की हायमन पुन्हा कोणाच्या तरी मोरीत वाकलेला.

आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. आमच्यात कोहेन नाहीतच. म्हणून इथे आल्यावर पहिल्यांदा त्याच्या आशीर्वादाखाली उभा राहिलो, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. डोक्यावरून शाल ओढून, तिच्या आत बोटं फाकवून तो उभा असे. त्या हातांकडे कोणी पाहायचं नसतं. सगळे माना खाली घालतात.

शहाऐंशीच्या जानेवारीत एका घरी बॉयलर फुटला आणि हायमनचा डावा हात भाजला. दोन बोटं आत वळली ती वळलीच. काम त्याने सोडलं नाही, पण वल्हांडणाच्या सणाला तो जागचा उठला नाही. आमच्याकडे दुसरा कोहेन उरला नव्हता. आशीर्वादाचे शब्द कोणीतरी नुसते वाचले.

"जुना नियम आहे, पेणकर," तो मला म्हणाला. "हातात व्यंग असलं तर हात उचलायचे नाहीत. लोकांचं लक्ष तिकडे जातं." बोलताना त्याचे दोन्ही हात खिशात होते. माझ्यासमोर त्याने ते असे कधी लपवले नव्हते.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, प्रार्थनेनंतर सगळे हॉलमध्ये केक खात होतो. आमचे तरुण रब्बी गोल्डस्टोन त्याच्याजवळ गेले.

"नियम तुम्ही अर्धाच सांगता, मिस्टर कॅट्झ. ज्याच्या हाताची गावाला सवय झाली, त्याला मुभा आहे."

"सवय झाली की दया आली, हे कोण ठरवणार?" हायमनने हात खिशात आणखी खोल घातले.

रब्बींनी केक कापणाऱ्या माझ्या बायकोला हाक मारली. "मिसेस पेणकर, परवा यांनी तुमचं सिंक मोकळं केलं ना? यांचा कुठला हात भाजलाय?"

"उजवा," शैला बेधडक म्हणाली.

हायमनने डावा हात बाहेर काढला.

"अगं, डावा!" मी मराठीत म्हणालो. "तासभर त्यांच्यासमोर उभी होतीस. डोळे कुठे होते तुझे?"

"अहो, सिंक तुंबलेलं! पाणी जातंय का ते बघू की त्यांची बोटं मोजत बसू?"

मी हे हायमनला इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही. "तासभर बोलत मात्र होत्या," एवढंच पुटपुटला, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला.

 

ऑक्टोबरात, आमच्या नव्या वर्षाच्या सणाला, सकाळी, आशीर्वादाची वेळ जवळ आली. माझ्या पुढच्या बाकावर हायमन वाकला; आशीर्वाद द्यायला कोहेनने बूट काढून जायचं असतं. त्या दोन वाकड्या बोटांनी बुटांच्या नाड्या सोडायला त्याला वेळ लागला. कोणी मदतीला गेलं नाही, घाईही केली नाही. मग लेवी वंशातल्या एका म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे त्याच्या हातांवर पाणी घातलं.

हायमनने शाल डोक्यावर घेतली आणि तो नुसत्या मोज्यांवर पुढे चालू लागला. वर बायकांच्या गॅलरीत शैला कठड्याला टेकून त्याच्या पाठीकडे पाहत होती. तो पायऱ्या चढून आमच्याकडे वळला, तेव्हा तिनेही मान खाली घातली.