नातीनं साहेबांचा एसी बंद केला

बायांनो, आज मी लय खूश हाय. सकाळी विश्रामबागला नातीच्या कॉलेजात गेले होते. वीज वाचवायला पोरींचं पथक केलंय तिथं. नातीनं पहिला एसी बंद केला तो प्रिन्सिपल साहेबांचाच! साहेब घाम पुसत बसले अन् मी दारात पोट धरून हसले.

"आज्जे, गप की, साहेब बघत्यात!"

बघू देत. सत्तर-बाहत्तर सालात मी सांगलीत एका होस्टेलात भाकरी थापायला होते. विजेची टंचाई आली तवा तिथल्या साहेबानं आधी आमच्या स्वयंपाकघराच्या जिन्यातला बल्ब काढला. जिना असा, की दिवसाबी पायरी दिसायची न्हाई. साहेबाचा पंखा मात्र फिरतच होता.

दुसऱ्याच दिवशी माझ्यासंगं भाकरी थापणारी हौसा उकळत्या आमटीचं पातेलं घेऊन त्या जिन्यात पडली. मांडीपर्यंत भाजली. साहेब धावत आला अन् म्हणाला, "अगं, आता पोरांनी जेवायचं कशाशी?"

हौसा जन्मभर लंगडली. वीज वाचवली म्हणून साहेबाचा सत्कार झाला. हार ओवायला हौसालाच बसवली, बसून करायचं काम म्हणून.

तुमच्या पोरांच्या कॉलेजात आधी कुणाचा दिवा काढतात गं? जरा बघून सांगा.