मंजूचं ताट

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि मंजूला तर — तिला माहीतच आहे, पण आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. तुम्हाला का सांगते आहे? मलाही नीटसं कळत नाही.

मंजू आमची एकुलती एक. ह्यांना देवासच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही इकडे आलो, आणि इथेच तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. तेव्हा पोरं यातून क्वचितच वाचत. मंजू वाचली. मुंबईला उपचार चालू असताना तिच्या घशाखाली काही उतरत नसे, म्हणून ती मागेल ते आम्ही देत होतो — आणि ती मागायची शेव. घरी आल्यावरही शेवच. पोळीशी शेव, वरणभाताऐवजी शेव, दुधाला तोंड लावायची नाही.

इंदूरचे डॉक्टर म्हणाले, आजार गेला, आता हिला चार मुलांसारखं जेवू घाला. वरण, पालेभाजी, दूध. मी मान डोलावली. पण तिने हात पुढे केला की मला तो सुया टोचून काळानिळा झालेला हातच दिसायचा. नाही कसं म्हणणार? पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं — सगळं खाते. ते खूश झाले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तोवर नुकसान घरच्या घरात होतं. मग डॉक्टरांनी कुक्षी गावच्या एका बाईला आमचा पत्ता दिला. तिचा मुलगाही याच आजारातून उठलेला. मुलाला जेवायची सवय कशी लावायची ते मंजूच्या आईकडून शिका, असं तिला सांगितलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मुलाला सासूपाशी ठेवून ती एकटीच आली. मी दुधीची भाजी केली होती, मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी, दही. आणि मंजूला आधीच बजावलं होतं — ताट स्वच्छ केलंस तर मावशी गेल्यावर शेव. पोर मुकाट्याने सगळं जेवली. बाई बघत राहिली.

मग तिला रडू फुटलं. "ताई, तो नमकीन मागतो आणि माझ्याच्याने ना म्हणवतच नाही. बिल्कुल नाही. तुम्ही कधीच देत नाही का हो?"

तिला काय हवं होतं? मी नुसतं 'देते' म्हटलं असतं, तर दोघी मिळून रडलो असतो — कदाचित दोघी मिळून काही शिकलोही असतो. मी म्हणाले, "कधीच नाही. आईनेच मन घट्ट करायला नको का?"

ती माझ्या पाया पडली. वयाने माझ्याहून मोठीच असेल. निघताना तिने मंजूला जवळ घेऊन विचारलं, "बेटा, रोज असंच जेवतेस?" मंजूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — हो म्हण. ती हो म्हणाली.

ती बाई पुन्हा आली नाही. तिच्या मुलाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

त्या दिवशी दार लावून वळले, तर मंजू हात पुढे करून उभी होती. मी डबा काढला आणि तिची मूठ भरली.