माळावरची गस्तीची नाव

लग्न झालं तेव्हा माझे यजमान दापोलीकडच्या एका बंदरात होड्या बांधायचे. पुढे ती कामं कमी झाली आणि आम्ही घाट चढून वर आलो. पिंपरीत नवे कारखाने उभे राहत होते. तिथे यंत्रं भरून पाठवायला लाकडी खोकी लागत. यजमान दिवसभर खोकी ठोकत आणि संध्याकाळी कुरकुरत, "खोकं म्हणजे काय सुतारकाम गो? एक बाजू बघितली की सगळं बघून झालं." पन्नासच्या दशकातली ती शेवटची वर्षं. देहूरोड स्टेशनजवळ एका खोलीत आमचा संसार होता.

एक दिवस ते कामावरून आले आणि चपला न काढताच म्हणाले, "इथे एक नाव आली आहे. समुद्रावरची."

मला थट्टाच वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर जाऊन पाहिलं, तर खरंच. लष्कराच्या डेपोच्या कुंपणाबाहेर, रुळांच्या कडेला, बाभळींच्या मध्ये एक लांबलचक लाकडी नाव ओंडक्यांवर टेकवून ठेवली होती. नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोक, सरळ डोंगराकडे वळलेलं. मला हसू आलं आणि मी चालत नाळेपर्यंत गेले. समुद्र सोडल्यापासून मी नाव पाहिलीच नव्हती.

ती महायुद्धातली गस्तीची नाव. ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर हिंडलेली, मग मुंबईच्या गोदीत पडून राहून, इंजिन काढून भंगारात निघालेली. डेपोतल्या एका मेजरसाहेबांनी ती सोडवून रेल्वेने इथे आणवली होती. साहेब साताऱ्याकडचे. लढाईत त्यांच्या पलटणीला अशाच नावांनी खाड्यांतून पुढे पोचवलं होतं. ही नाव होती तशी करायची आणि गेलेल्या जवानांची आठवण म्हणून फाटकाजवळ चौथऱ्यावर ठेवायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. होड्यांचं काम जाणणारा कोणी मिळेल का म्हणून ते चौकशी करत होते. तशी ती बातमी खोकी ठोकणाऱ्या आमच्या घरापर्यंत आली.

यजमानांनी नावेभोवती एक फेरी मारली आणि ते खाली बसले. देशावरच्या कोरड्या उन्हाने फळ्या आकसल्या होत्या. फटींतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"ही नाव नाही, चाळण आहे," ते म्हणाले.

"मग नको म्हणू या का?" साहेबांनी विचारलं.

यजमान हात झटकत उठले. "नको कशाला? पण एकट्याचं काम नाही हे. हिला बरोबर घेईन. हिच्या माहेरी सगळे हेच करायचे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. अशी मी कामाला लागले.

ते कुजलेल्या फळ्या काढून सागवानी फळ्या बसवत. मी कापसाच्या वाती वळत असे आणि बोथट पटाशीने फटींत ठोकत असे. वरून राळ आणि तेल. पण त्याआधी लाकूड ओलं राहायला हवं होतं, नाहीतर आज भरलेली फट उद्या उघडायची. म्हणून आम्ही नावेवर गोणपाटं अंथरली आणि ती सारखी भिजवत राहिलो. पाणी जवळच्या एका मळ्यातल्या विहिरीचं. मळा एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याचा होता. त्यांनी विहीर वापरू दिली, वर दोन-तीन गड्यांना पाणी वाहायला लावून दिलं.

आठवडाभर म्हातारे बाबा लांबूनच बघत होते. मग एकदा जवळ आले. "बाई, ही नाव बर्म्याकडं गेल्याली का?"

"हो, बाबा. साहेब तसं म्हणतात."

"आमचा थोरला तकडं ऱ्हायला. पल्टनीत हुता. त्याच्या जोडीदारानं सांगितलं, नावंत चढताना त्याला बघितला, मागनं न्हाई." त्यांनी फळीवर हात ठेवला. "हीच आसंल का?"

यजमान वरून उतरले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "बाबा, हीच असं नाही सांगता येणार. पण अशीच."

"आशीच. व्हय," बाबा म्हणाले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या घागरी ते स्वतः भरून देऊ लागले.

पावसाळ्यात आम्ही नावेवर पत्र्याचं छप्पर टाकून आतलं काम केलं. मग टॉर्पेडोंची गोष्ट निघाली. नावेच्या दोन्ही अंगांना दोन टॉर्पेडो असत, पाण्याखालून जाऊन शत्रूचं जहाज फोडणारे. यजमान म्हणाले, "मी लाकडाचे कोरून देतो, रंग दिला की कळणार नाही."

साहेब म्हणाले, "मला कळेल. या नावेत बसलेल्या माणसांनी खरे टॉर्पेडो शेजारी घेऊन प्रवास केला. आपण लाकडाचे ठेवले तर त्यांच्या भीतीला आपण खेळणं केल्यासारखं होईल."

त्यांनी खटपट करून मुंबईहून दोन खरे टॉर्पेडो मिळवले. आतली दारू तिथेच काढून टाकलेली. पण ट्रकवरून ती लांब लोखंडी धुडं उतरताना लोकांनी पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं की बाँब आले. दुसऱ्या दिवशी पाण्याचे गडी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. गोणपाटं वाळायला लागली. आम्ही दोघं घागरी वाहून थकलो.

चौथ्या सकाळी मळ्यातल्या म्हाताऱ्या आई आल्या, एकट्याच. आतापर्यंत त्या नावेकडे फिरकल्या नव्हत्या. साहेब तिथेच होते. "दावा मला," त्या म्हणाल्या.

साहेबांनी टॉर्पेडोचं पुढचं तोंड खोलायला लावलं. आईंनी वाकून आत पाहिलं. मग कोपरापर्यंत हात घातला.

"हितं काय भरत्यात?"

"दारू. आता काही नाही."

"येक पोतं जोंधळं मावतील," त्या म्हणाल्या. हात काढून पदराला पुसला. "रिकामंच ऱ्हाऊ द्या आता." आणि घरी गेल्या. दुपारी गडी परत आले.

दिवाळीच्या सुमारास नाव तयार झाली. साहेबांना ती थेट चौथऱ्यावर न्यायची होती, पण यजमान अडून बसले. "साहेब, पाण्यात गेली नाही तर ते कपाट झालं. एकदा तरंगू दे." साहेब हसले आणि कबूल झाले.

लष्कराच्या लांब गाडीवरून नाव रावेतच्या काठाला नेली. शेवटच्या उतारावर बाबांनी बैल जोडले. पवना नदी भरलेली होती, पण शांत. टॉर्पेडोंच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती ठेवली. नाव पाण्यात गेली आणि आत पाणी झिरपू लागलं. काठावरचे लोक कुजबुजायला लागले. यजमान तळाशी बसून म्हणाले, "थांबा. लाकूड पाणी पिऊ दे." आम्ही डब्याने पाणी उपसत राहिलो. उन्हं चढली तसं झिरपणं मंदावलं आणि मग थांबलंच. त्यांनी तळावरून हात फिरवून मला दाखवला. तळहात नुसता ओलसर होता.

साहेबांनी बाबांना आणि आईंना वर बोलावलं. बाबा चढले. आई काठावर घुटमळल्या, मग माझा हात धरून आल्या. दोन दोरखंडांनी सैनिक नाव काठाकाठाने ओढत होते. आई खाली मांडी घालून बसल्या, डोळे पाण्यावर.

"त्याला पवायला येत नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "तेरा-चौदा वरसं मला त्येच लागून ऱ्हायलं हाय, नावंत किती भ्याला आसंल."

यजमान म्हणाले, "आई, सैनिकांना मधोमध बसवत. मधोमध नाव फार हलत नाही."

आई उठल्या, आधार घेत मध्यावर गेल्या आणि तिथे बसल्या. नाव वळणापर्यंत गेली आणि परत फिरली. मग आई म्हणाल्या, "व्हय. लई हलत न्हाई." बाबा त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्या दोघांना मी त्याआधी एवढं जवळ बसलेलं पाहिलं नव्हतं.

पुढे नाव चौथऱ्यावर चढली, दोन्ही टॉर्पेडो आपापल्या जागी बसले. साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी यजमानांसाठी पिंपरीच्या एका कारखान्यात शब्द टाकला, आणि लोखंड ओतण्यासाठी लाकडी नमुने करायच्या खात्यात ते कायम झाले. तिथे एकाही कामाच्या चारी बाजू सारख्या नसत, त्यामुळे घरी येताना ते शीळ घालत येऊ लागले. आम्ही चिंचवडला मोठी खोली घेतली. थोरली मुलगी झाली तेव्हा माहेरहून कोणाला येता आलं नाही. मळ्यातल्या आई बैलगाडीने आल्या, बाळाला तेल चोळून न्हाऊमाखू घातलं आणि महिनाभर राहिल्या.