डगच्या चाली सांगणारा सुगत

सुगत गजभिये फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रग्बीचा, सामना पाहायचा तो लॅपटॉपच्या पडद्यावर अंगठा ठेवून. बॉल जिकडे जाईल तिकडे त्याचा अंगठा सरकायचा, आणि अर्ध्या तासात पडदा तेलकट होऊन जायचा. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत. शेजारच्या टेबलावर बसलेला हा सावळा, जाड चष्मा लावलेला मुलगा पडदा का पुसतोय ते मला कळेना. तेवढ्यात तो स्वतःशीच पुटपुटला, "अरे, पळ नं बे!" आणि मला कळलं की हा आपला आहे.

"बॉल झाकून काय दिसतं रे तुला?" मी विचारलं.

त्याने वर न बघताच उत्तर दिलं, "बॉल तर सगळेच पाहून राहिले आहेत. मी बाकीचे पाहतो. हा बघ, या पोट्ट्याने गुडघ्यावर हात ठेवले. दमला तो. आता याच्याच बाजूने घुसायला पाहिजे." त्याची टीम मात्र नेमकी दुसऱ्या बाजूने गेली आणि आडवी झाली. "बघ," तो म्हणाला, "म्हणून हरतो आम्ही."

ते दिवस विद्यार्थ्यांच्या लोंढ्याचे होते. पॅरामॅटा या उपनगराच्या आसपास दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सहा-सहा जण राहत होते. मी पुण्याहून संख्याशास्त्र शिकायला आलेली. सुगत नागपूरच्या इंदोऱ्याचा, क्रीडाविज्ञानात मास्टर्स करून एका व्यावसायिक फुटी क्लबात व्हिडिओचं काम करणारा. तो क्लब पॅरामॅटाचा नव्हे, लांबचा. त्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. महिन्याभरात सुगतने मलाही तिथे रेकॉर्डिंगच्या कामाला लावलं. म्हणून पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अंडाकृती बॉल घेऊन समोरच्या तेरा जणांच्या भिंतीत शिरायचं. सहा वेळा आडवं पाडलं की बॉल समोरच्यांचा. त्या सहा प्रयत्नांत कुठून शिरायचं, कोणी खोटं पळायचं, कोणाकडे बॉल द्यायचा, ही झाली चाल. आमच्याकडे चाली ठरवायचा डग. प्रेक्षकांच्या वरच्या काचेच्या खोलीत तो हेडसेट लावून बसायचा आणि चालीचं नाव सांगायचा. ते खाली ट्रेनरच्या कानात जायचं, आणि ट्रेनर मैदानात धावत जाऊन खेळाडूंना सांगायचा. मुख्य कोच त्याच खोलीत पुढे, काचेला नाक लावून बसलेला असे. मागच्या रांगेत डग, त्याच्या शेजारी सुगत, आणि कोपऱ्यात मशीनपाशी मी.

डग साठीचा होता. तरुणपणी पंधरा हंगाम खेळलेला. नाक दोनदा मोडलेलं, एक कान फुलकोबीसारखा. डोक्याला मार बसून बेशुद्ध पडण्याचे प्रसंग तो हसत हसत सांगायचा, "उठायचो, पाणी मारायचं, परत आत. नो वरीज, मेट." सुगतला तो 'सग' म्हणे. क्लबात सुगतच्या हातात फक्त केबल देत असत तेव्हा डगनेच त्याला शेजारची खुर्ची ओढून दिली होती. "इथे बस. तुला जे दिसतं ते मला सांग," असं म्हणाला होता.

सुगतची आई गेली त्या आठवड्यात मी डगचं खरं रूप पाहिलं. सुगतचा नव्या व्हिसाचा अर्ज पडून होता. वेगळी परवानगी न घेता देशाबाहेर गेलं तर परत येता येणार नव्हतं. डगने सराव सोडला, आपल्या गाडीत घालून त्याला सरकारी कचेरीत नेलं, आणि तिथल्या तीन-तीन रांगांत हा मोडक्या नाकाचा माणूस त्याच्यासोबत उभा राहिला. परवानगी यायची तेव्हाच आली. तोवर नागपुरात सगळं उरकलं होतं. सुगत गेलाच नाही. म्हणाला, "आता कोणाला भेटायला जाऊ?"

पुढच्या हंगामात डग विसरायला लागला.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. एका सामन्यात शेवटची काही मिनिटं राहिली असताना त्याने हेडसेटमध्ये एक चाल सांगितली. खाली ट्रेनर गोंधळला, परत विचारू लागला. डगने तेच नाव जोरात सांगितलं. तशी चाल आमच्याकडे नव्हतीच. सामना हरल्यावर सुगतने जुनं रेकॉर्डिंग शोधून काढलं. डग ज्या क्लबात तीस वर्षांपूर्वी खेळायचा त्या क्लबाची ती चाल होती.

पुढच्या सामन्यापासून सुगत चिठ्ठ्या लिहू लागला. अंगठ्याएवढ्या कागदावर चालीचं नाव लिहून तो हळूच डगच्या हाताखाली सरकवी. डग ती वाची आणि हेडसेटमध्ये बोले. डगने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, सुगतनेही नाही. पुढे बसलेल्या कोचला फक्त डगचा आवाज ऐकू येई. आम्ही लागोपाठ दोन सामने जिंकलो. पेपरात आलं की म्हाताऱ्या डगच्या डोक्यात अजून धार आहे. पेपरचं ते पान डगने सुगतला दाखवलं, त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि क्षणभर डगच्या चेहऱ्यावर अशी शरम आली की मी मशीनकडे वळले.

ट्रेनने घरी येताना मी सुगतला म्हणाले, "तू हे कोणाला तरी सांगायला हवं. तो आजारी आहे."

"सांगितलं तर उद्या घरी बसवतील त्याला."

"आणि चाली तू ठरवतोयस, नाव त्याचं होतंय, त्याचं काय?"

"चाली त्याच्याच आहेत," सुगत म्हणाला. "मला त्यानेच शिकवल्या. त्याला आठवत नाहीत, एवढंच." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "माणूस खेळून राहिला तोवर त्याला उठवू नये गं."

मी गप्प बसले. हे मला लिहायलाच हवं. गप्प बसणारी मीही होते.

हिवाळ्यात एका संध्याकाळी डगला त्याची गाडी सापडेना. वर्षानुवर्षं एकाच जागी तो ती लावायचा. आम्ही तिघं पार्किंगमध्ये फिरत राहिलो, आणि तो प्रत्येक पांढऱ्या गाडीचं दार ओढून पाहत होता. शेवटी सुगतने त्याला त्याच्याच गाडीत बसवून घरी पोचवलं. मी सोबत होते. दारात त्याची बायको लॉरेन उभी होती. डग आत गेल्यावर तिने सुगतचा हात धरला.

"सग, तो कामावर ठीक असतो ना? घरी कधीकधी वेगळाच वागतो."

सुगतने तिच्याकडे पाहून सांगितलं, "थकलाय फक्त. टीम हरतेय ना, झोप नाही होत. हंगाम संपला की ठीक होईल."

लॉरेनच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. आम्ही चालत स्टेशनकडे निघालो. सुगत म्हणाला, "तू काही बोलू नको."

हंगाम संपला तेव्हा आम्ही तळाला होतो. आढाव्याच्या दिवशी हार्ड डिस्क द्यायला मी कोचच्या खोलीत गेले, तर सुगत आधीच तिथे बसलेला. कोचने मला थांबायची खूण केली. ट्रेनरने कोचच्या कानावर काहीतरी घातलं होतं. डग नाव सांगायच्या आधी फार वेळ थांबतो आणि हेडसेटमध्ये कागद सरकल्याचा आवाज येतो, असं.

"एकच प्रश्न विचारतो," कोच सुगतला म्हणाला. "या वर्षी अटॅकच्या चाली कोण चालवत होतं?"

सुगतने खुर्ची थोडी मागे सरकवली.

"तू चालवत होतास, तर तसं सांग. पुढच्या वर्षी ती खुर्ची तुझी. क्लब तुझा व्हिसा स्पॉन्सर करेल. मला चालवणारा माणूस हवाय, मेट, नाव नकोय."

त्याच्या व्हिसाचे चार महिने उरले होते. मला वाटलं, आता बोलेल. चष्मा काढून त्याने शर्टाला पुसला, परत घातला.

"डग," तो म्हणाला. "सगळं डगच."

कोचने माझ्याकडे पाहिलं. मी हार्ड डिस्क टेबलावर ठेवली आणि खाली पाहिलं.

दोन आठवड्यांत डगचा करार संपवला. नवा अटॅक कोच आपली माणसं घेऊन आला, त्यात सुगतला जागा नव्हती. त्याने इतर क्लबांत खेटे घातले. तळाच्या टीमचा, नाव नसलेला माणूस कोणाला हवा होता? विमानतळावर त्याला सोडायला डग आणि लॉरेनही आले होते. डगने त्याला घट्ट मिठी मारली आणि विचारलं, "परत कधी येतोस, मेट? प्री-सीझनचा सराव सोमवारी सुरू होतोय." सुगत म्हणाला, "सोमवारी येतो."

त्यानंतर दीड वर्षाने पॅरामॅटाच्या एका दवाखान्यात मला लॉरेन भेटली. ती इतकी वाळली होती की मी आधी ओळखलंच नाही. डग एका सकाळी दूध आणायला म्हणून गाडी घेऊन निघाला आणि दुसऱ्या दिवशी शेकडो किलोमीटर लांब टूवूंबाच्या वाटेवर, पेट्रोल संपलेल्या गाडीत सापडला. आता तो एका केअर होममध्ये होता. तिला ओळखत नव्हता.

"डॉक्टर म्हणाले, हे बऱ्याच आधी सुरू झालं असणार," ती म्हणाली. "बरा झाला नसता, ते मला कळतं. पण त्याला समजत होतं तेव्हा मी त्याच्याशी बोलले असते. पर्थला मुलीकडे नेलं असतं. तुला पुढे काय हवं, ते त्यालाच विचारलं असतं. आता सगळं मी ठरवतेय, त्याच्या वतीने." मग तिने मला थेट विचारलं, "तुम्हाला कामावर काही दिसलं नव्हतं का गं? सग म्हणाला होता, थकलाय."

मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचं, पार्किंगचं, कोचच्या खोलीतलं. ती ऐकत राहिली, पर्स उचलली आणि निघून गेली.

त्याच दिवशी मी नागपूरला फोन लावला. सुगत तिथे एका शाळेत पी.टी.चा शिक्षक झाला होता. मी बोलत असताना मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. शेवटी तो म्हणाला, "हाव." त्याच्या नागपुरीत हो. मग, "मला वाटत होतं मी त्याला वाचवून राहिलो. मी तिचं वर्ष घेतलं." त्याने लॉरेनला फोन केला. तिने उचलला नाही. पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. येऊन भेटावं म्हणून त्याने व्हिसाचा अर्ज केला, पण तो मिळायच्या आत डग गेला.

अंत्यविधीला मी शेवटच्या रांगेत फोन धरून उभी होते. पडद्यावर सुगत होता. नागपुरात नुकतं उजाडत होतं, आणि तो पांढरा शर्ट घालून शाळेच्या रिकाम्या मैदानात उभा होता. लॉरेन पुढून उठून मागे आली. मला वाटलं, आम्हाला बाहेर काढणार. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि पडद्याकडे पाहिलं.

"तू मला सांगायला हवं होतंस, सग."

"हो," सुगत म्हणाला. "सांगायला हवं होतं."

त्याने माफी मागितली नाही, कारण दिलं नाही, रडलाही नाही. फोन तिने परत दिला नाही. पुढे जाऊन बसली, आणि सगळं संपेपर्यंत तो मांडीवर धरून ठेवला, पडदा शवपेटीकडे करून.

लोक पांगल्यावर तिने तो माझ्या हातात दिला. फोन तापला होता. सुगत अजून तसाच उभा होता.

"तिला घरी कोण सोडणार?" त्याने विचारलं.

"मुलीचं सकाळचं विमान रद्द झालं, ती संध्याकाळच्या विमानाने येतेय. तोवर मीच आहे."

"सोड. आणि ती जे विचारेल ते सगळं सांग. तिला बरं वाटावं म्हणून काही झाकू नको."