बरं हाय ना

संग्रामपूरजवळच्या आमच्या गावात मी बरीच वर्षं आशा आहे, म्हणजे घरोघर फिरून बायकांच्या तब्येतीची नोंद ठेवणारी. म्हणून, आता बायका आपापल्या मोबाइलवर तब्येतीचा फॉर्म भरतील, असा निरोप आणि लिंक वरून आली तेव्हा मला हसू आलं. आपापला मोबाइल म्हणे. आमच्याकडे निम्म्या घरांत मोबाइल एकच, तोही नवऱ्याच्या खिशात.

शेजारच्या भाऊजींनी बायकोचा फॉर्म पारावर बसून दोन मिनिटांत उरकला. पाळीपुढे "नियमित" लिहिलं. मी विचारलं, "तुमाले कसं ठाऊक?" तर म्हणाले, "कधी तक्रार नाही तिची." दुसऱ्या एका काकांनी फॉर्म स्वतःचाच भरला आणि बाळंतपणं तीन लिहिली. लेकरं तीनच आहेत ना, हा त्यांचा हिशेब. ज्यांना खरोखर त्रास होता त्या शेतात निंदणीला गेल्या होत्या. हे सगळं मी रंगवून रंगवून सांगत फिरले, कारण माझं रजिस्टर मला फार खरं वाटायचं.

मग आरोग्य केंद्रातल्या बैठकीत डॉक्टर मॅडमनी आमच्या गावची उत्तरं भिंतीवर दाखवली. नावं नव्हती. नाव नसलं की बायका मोकळं लिहितात, असं त्या म्हणाल्या. लिहिणारे तर नवरेच, म्हणून मी शेजारी बसलेल्या दुसऱ्या आशाला कोपरानं ढोसलं. शेवटचा रकाना होता, "आणखी काही सांगायचे आहे का?" बहुतेकींचं "नाही". एकीनं मात्र लिहिलं होतं:

"अंग बाहेर येते. घागर उचलली का हातानं आत ढकला लागते. आशाबाई येते, बरं हाय ना म्हणते. मंग हाव म्हणा लागते."

खोलीतल्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. दारात उभं राहून, पेन आधीच रजिस्टरवर टेकवून, "बरं हाय ना" म्हणायची सवय पंचक्रोशीत माझीच. गर्भपिशवी बाहेर आलेली बाई माझ्यासमोर उभी होती, आणि मी तिच्यापुढे "ठीक" लिहून पुढच्या घरी गेले होते.

बैठक संपल्यावर मी मॅडमना गाठलं. "ही कोन हाय, सांगा ना. दवाखान्यात न्या लागन तिले."

"नाव घेतलंच नाही, ताई," त्या म्हणाल्या. "घेतलं असतं तर तिनं लिहिलं नसतं."

दुसऱ्या दिवशी रजिस्टर घरीच ठेवून निघाले. बसायचं, पाणी मागायचं, घाई करायची नाही, मग हळूच विचारायचं, असं वाटेत घोकत गेले. पहिल्याच दारात एक बाई कमरेवर घागर घेऊन उभी. मी तोंड उघडलं.

"बरं हाय ना?"

"हाव," ती म्हणाली.